घंगाळातली थंडी

लग्न होऊन धायरीला आले त्या हिवाळ्यात मी रोज संध्याकाळी विहिरीचं पाणी शेंदून तांब्याचं घंगाळ काठोकाठ भरत असे, त्यावर परात झाकत असे, आणि सासूबाईंच्या पहाटेच्या आंघोळीची सोय लागली या समाधानात उजाडेपर्यंत झोपत असे. यातला मूर्खपणा ज्यांच्या लगेच लक्षात आला ते विहिरीकाठी वाढलेले. ज्यांच्या लक्षात आला नाही ते माझ्या माहेरच्यांसारखे नळावर वाढलेले; त्यांच्यासाठी सविस्तर सांगते.

विहिरीचं पाणी थंडीत ऊन असतं. बाहेर दात वाजत असले तरी खालून नुकता वर आलेला पोहरा कोमट लागतो. पहाटेच्या गारठ्यात त्यावरून चक्क वाफ निघते. जमिनीच्या पोटात ना उन्हाळा पोचतो ना हिवाळा. तेच पाणी रात्रभर उघड्या अंगणात तांब्याच्या भांड्यात ठेवलं, की त्याची होती नव्हती ती ऊब आभाळात जाते आणि पहाटेला उरतो नुसता गारठा. म्हणजे मी काय करत होते, तर जमिनीनं फुकट तापवून दिलेलं पाणी कंबर मोडेस्तोवर ओढून काढत होते आणि रात्रभर निगुतीनं गार करत होते. वर पुन्हा परात झाकत होते, कचरा पडू नये म्हणून. टापटीप अंगात पहिल्यापासूनच.

माझी बाजू मांडायची तर एवढंच सांगेन, की मी कसबा पेठेतली. आमच्या दोन खोल्यांत नळाला पाणी यायचं ते अंधारात, आणि यायचं तेही करंगळीएवढं. ज्या घरातली पिंपं आदल्या दिवशी भरलेली असतील ते घर शहाणं, बाकीची गबाळी, असा आमच्या गल्लीचा साधा हिशोब होता. पाणी भरून ठेवणं हा तिथं गुण होता. तो गुण मी हुंड्यासारखा मिरवत सासरी आणला. वडिलांचं दोरखंडांचं दुकान, त्यामुळे सोल, चऱ्हाट, कासरा यांतला फरक मला डोळे मिटून सांगता यायचा. फक्त त्या दोराच्या टोकाला पोहरा बांधून खाली सोडायचा कसा, हे कुणी शिकवलं नव्हतं.

"दोरखंडवाल्याची लेक हायेस अन् पोहरा असा सोडतीस, जसा कुनी आत जीवच देतंय," आत्याबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या घरात सासूला आत्याबाईच म्हणत. उंच, काटक, आणि जिभेला धार अशी की कोयत्यानं लाजावं. भाकरी जाड झाली तर, "घराला पाया घालायचाय का?" पदर घसरला तर, "डोकं हाय का उतार?" माझ्या चालण्यावर, शिंकण्यावर, चूल फुंकण्यावर त्यांच्यापाशी काहीतरी असायचंच. पहाटे पाणी शेंदायचं काम नव्या सुनेचं, हे त्यांनीच मला आल्या आल्या बजावलं होतं. आणि तरी मी संध्याकाळीच घंगाळ भरायला लागले, त्याबद्दल त्या चकार शब्द बोलल्या नाहीत. मला तेव्हा वाटलं, बाई हुशार आहे, शहरातली पद्धत पटलेली दिसते.

हे सगळं यंदा पुन्हा वर यायचं कारण असं, की यंदाच्या थंडीत आमच्या सोसायटीच्या नळांना जमिनीतलं गरम पाणी येतंय.

म्हणजे पाणी जमिनीतलं नव्हे, ऊब जमिनीतली. इमारतीच्या मागे खोल भोकं पाडून त्यांत प्लॅस्टिकच्या नळ्या सोडल्यात. नळ्यांतलं पाणी खाली जातं, ऊब घेऊन वर येतं, आणि तळघरातलं एक यंत्र ती गोळा करून आंघोळीचं पाणी तापवतं. माझी नात सई इंजिनिअर आहे, तिनंच हे डोक्यात घेतलं. "फ्रिज आतली हीट बाहेर टाकतो ना आजी, तसं हे जमिनीतली हीट घरात आणतं. उलटा फ्रिज समज." मी म्हटलं, सुलटा फ्रिजच मला अजून समजला नाही, त्यातली कोथिंबीर दर वेळी काळी का पडते ते आधी सांग.

थट्टा सोडा, गरज होती. आमच्या गच्चीवर सौर बंब आहेत, पण शेजारी मोठा टॉवर उभा राहिला आणि हिवाळ्यात ऊन गच्चीवर येईनासं झालं. सकाळी नळ सोडला की आधी खोकल्यासारखा आवाज, मग कढत असल्याचं नुसतं सोंग आणणारं पाणी. खालच्या मजल्यांवर बहुतेक म्हातारीच माणसं. सईनं त्यांना एक फिल्म दाखवली होती: कुठल्यातरी बर्फाळ मुलखात अख्खं गाव जमिनीच्या उबेवर राहतंय, घरं, शाळा, पोहण्याचा तलावसुद्धा, आणि कुठं धुराचा पत्ता नाही. बाहेर कमरेएवढा बर्फ आणि आत बाई बिनबाह्यांच्या ब्लाउजात भांडी घासतेय. ते बघून आमच्याकडच्या सगळ्या बायकांनी एकसाथ होकार दिला.

सगळ्यांनी, म्हणजे मी सोडून.

जमीन मुळात आमची. हे गेले, शेती कुणी करीना, आजूबाजूला इमारतींनी विळखा घातला, तेव्हा मी ती बिल्डरला दिली. त्या वेळी विहीर बुजवायलाही मीच हो म्हटलं. ट्रकच्या ट्रक राडारोडा तिच्यात ओतला जात होता आणि मी आत टीव्हीचा आवाज मोठा करून बसले होते. फक्त एक अट घातली: त्या कोपऱ्यावर बांधायचं नाही आणि माझ्या होकाराशिवाय तिथं कुणी कुदळ मारायची नाही. बिल्डरलाही भरावावर खांब घ्यायचा नव्हताच. तिथं आता बाग आहे. बाग म्हणजे चार क्रोटन आणि एक घसरगुंडी. आणि नळ्या सोडायला रिकामी जागा अख्ख्या आवारात तेवढीच.

मागच्या हिवाळ्यातल्या बैठकीत सेक्रेटरी फार अदबीनं म्हणाले, "आजी, आपला होकार आला की काम सुरू. बाकी सगळे तयार आहेत."

"बाकी सगळे कशालाही तयार असतात. लिफ्टमध्ये गाणी लावायलाही तयार होते," मी म्हटलं.

तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त प्राध्यापक चष्मा पुसत म्हणाले, "अख्खी विहीर बुजवायला आपली हरकत नव्हती. आता चार भोकांना आहे. अभ्यासाचा विषय आहे."

पुण्यात माणूस खोचक बोलतो याचं मला काही वाटत नाही. तो खोचक बोलतो ते बहुतेक वेळा खरं असतं, हा खरा त्रास.

घरी आल्यावर सईनं मला सोफ्यावर गाठलं. "आजी, इश्यू काय आहे नेमका?"

"जागा."

"जागेचं काय?"

"तिथं नको."

"अगं पण लॉजिक सांग ना काहीतरी. विहिरीच्या भरावात नाहीच करायचंय ड्रिल. शेजारच्या अखंड खडकात करणार आहेत. जोशीकाकू रोज गॅसवर पातेलं तापवून उचलून नेतात बाथरूममध्ये. त्या वयात. कुणी भाजलं ना, तर?"

लॉजिक असतं तर तिला आधीच सांगितलं नसतं का? त्या जागेवर मला कुणालातरी उठवायचं नव्हतं, एवढंच होतं. हे कुठल्या इंजिनिअरला सांगायचं?

त्या हिवाळ्याकडे मी परत परत जाते तेव्हा चित्रं सलग येत नाहीत. थंडीत तडकलेल्या टाचा आणि त्यात भरलेलं मेण. शेकोटीचा वास लागलेली वाकळ. कोवळ्या उन्हात वाळत घातलेली लुगडी आणि त्यांच्यामागून ऐकू येणारा आत्याबाईंचा आवाज. रहाटाची कुई कुई, झोपेत ऐकलेली की स्वप्नात, सांगता येत नाही. मी उठायचे तेव्हा घंगाळ रिकामं असायचं, आंघोळीची शिळा ओली, दोर ओला. दोरावर दंव पडलंय असं मला वाटायचं. त्या वयात मला पुष्कळ काही वाटायचं. आपण दिसायला बरे आहोत, हेही वाटायचं.

थंडीत अख्खी आळी आमच्या विहिरीवर आंघोळीला यायची. लाकूडफाटा जाळून पाणी तापवायची चैन कुणाला? उजाडल्यावर बायकांचा एक घोळका, पुरुषांचा नंतर. वाफेत माणसं अर्धीच दिसायची. वरचं अर्धं असायचं, खालचं नाही. मला हसू यायचं आणि थोडी भीतीही वाटायची. आत्याबाई मात्र या सगळ्यांच्या आधी, एकट्या आटपून मोकळ्या होत. एकदा मी विचारलं, हे पाणी ऊन कसं काय? तर म्हणाल्या, "थंडी पडली की सगळी ऊब भुईत शिरती. मानूस न्हाय का वाकळंत शिरत? तसं." मी ऐकलं, मान डोलावली, आणि त्याच संध्याकाळी पुन्हा घंगाळ भरून ठेवलं. ऐकलेलं आणि केलेलं यांची गाठ पडायला माझ्या डोक्यात पहिल्यापासूनच वेळ लागतो.

सईला मी हे शिरण्याचं शास्त्र ऐकवलं तेव्हा ती हसली. "ऊब कुठं जात-येत नाही गं आजी. खाली ती तेवढीच असते, बाराही महिने. बदलतं ते वरचं." तिला वाटलं ती जमिनीबद्दल बोलतेय. मी त्या दिवशी दिवसभर दुसऱ्याच कुणाबद्दल विचार करत होते. गेलेली माणसंही अशीच असतील का? आहेत तिथं, आहेत तेवढी. आपल्यावर थंडी पडली की आपल्याला ती जवळ आल्यासारखी वाटतात, इतकंच.

संक्रांत झाली आणि आत्याबाईंना ताप भरला. खोकला आधीपासून होताच. एके सकाळी मला जाग आली तीच त्यांच्या कण्हण्यानं. त्या अंथरुणातून उठल्याच नव्हत्या. "चूळ भराया पानी आन," म्हणाल्या. मी अंगणात गेले. घंगाळ पहिल्यांदाच भरलेलं दिसलं. परात बाजूला केली, हात घातला, आणि बोटं दारात चेंगरल्यासारखी कळ थेट कोपरापर्यंत गेली. समोर विहीर होती. तिच्या तोंडातून सावकाश वाफ वर येत होती.

त्या एका क्षणात मला सगळं समजलं. शाळेतलं गणित कधी इतकं लख्ख समजलं नव्हतं. म्हणजे ही बाई मार्गशीर्षापासून रोज पहाटे, उघड्यावर, या पाण्यानं आंघोळ करत होती. आणि एरवी मिठाच्या खड्यावरून मला सुनावणारी ती, याबद्दल काहीच बोलली नव्हती.

मी घंगाळ उपडं केलं. पोहरा सोडला, कोमट पाणी काढलं, तांब्या त्यांच्यापुढं धरला. त्यांनी चूळ भरली. मग माझ्याकडे जरा वेळ बघितलं, ओठ हलल्यासारखे झाले आणि डोळे मिटले. शहरातून डॉक्टर आणले, औषधं झाली, छातीला शेक झाले. शिमग्याच्या आत त्या गेल्या.

डॉक्टर म्हणाले, छाती आधीच खराब होती. हे म्हणाले, आईनं आयुष्यभर धूर गिळला. सगळ्यांनी काही ना काही कारण दिलं. मी दिलं नाही. माझं कारण परातीखाली झाकलेलं होतं, आणि ते मी कुणाला उघडून दाखवलं नाही. यांनासुद्धा नाही.

तेव्हापासून पौष महिनाभर मी गार पाण्यानं आंघोळ करत आले. नळाचं, रात्री बादलीत भरून ठेवलेलं. सोसायटीत त्याची मोठी ख्याती आहे. कुणी म्हणतं व्रत, कुणी म्हणतं निसर्गोपचार. योगवर्गाच्या बाईंनी तर मला अनुभवकथनाला बोलावलं होतं. मी गेलेही, आणि "निग्रहाचे फायदे" या विषयावर बोलून नारळ घेऊन आले. लाज नावाची गोष्ट माझ्याकडे उशिरा येते आणि आली की बसायला जागा मागत नाही.

त्या सगळ्या वर्षांत एकच प्रश्न माझ्या मानेवर बसून राहिला. आत्याबाई बोलल्या का नाहीत? रागानं? की सुनेला शरम वाटू नये म्हणून? की मला कधीतरी कळेल आणि मग जन्मभर पुरेल, असा हिशोब करून? यातलं कुठलंही उत्तर घेतलं तरी पहाटेची झोप उडायची. उठून खिडकीशी उभं राहिलं की खाली क्रोटनच्या कोपऱ्यात धुकं दिसायचं. ते धुकंच असतं, हे मलाही कळतं. पण विहिरीचं तोंड जेवढं होतं तेवढंच गोल ते कसं दिसायचं, हे मला कुणी सांगावं.

शेवटी मी होकार दिला. उन्हाळ्यात मोठं यंत्र आलं आणि त्यानं काळा खडक भरडायला सुरुवात केली. खिडक्यांची तावदानं थरथरत होती, प्राध्यापक कानांत बोळे घालून वर्तमानपत्र वाचत होते. भोकातून राखाडी चिखल उसळून बाहेर यायचा. मला ओल्या दगडाचा तो वास ओळखीचा वाटला. रहाटाशी वाकलं की खालून यायचा तोच. उन्हाळा असल्यानं खालचा चिखल हाताला गारच लागला. तो मी बराच वेळ हातात धरून ठेवला. ड्रिलवाला म्हणाला, "आजी, साडी खराब होईल." मी म्हटलं, "होऊ दे, तुझ्या बायकोची नाही."

आता थंडीत नळ सोडला की कढत पाणी येतं, खोकल्याशिवाय. जोशीकाकूंचं पातेलं परत दूध तापवण्याच्या कामाला लागलंय. खालच्या हॉलच्या फरशीखालूनही नळ्या फिरवल्यात, त्यामुळे ज्येष्ठांच्या भजनाला एकाएकी गर्दी वाढलीय. ज्यांना देव मान्य नाही तेही चपला काढून, तळवे फरशीला टेकवून, डोळे मिटून बसतात. प्राध्यापक सगळ्यांत पुढं. मी परवा त्यांना म्हटलं, "अभ्यास कुठवर आला?" ते डोळे न उघडता म्हणाले, "टाचांपर्यंत."

यंदा पौषात मी गरम पाण्यानं न्हाले. पहिल्या दिवशी तांब्या अंगावर ओतला आणि तशीच थांबले, कुणीतरी पाठीमागून काही बोलेल म्हणून. कुणी बोललं नाही. आता मी पहाटे लवकर उठते. शाल घेते, फोन घरातच ठेवते आणि क्रोटनच्या कोपऱ्यात जाऊन बसते. सईला वाटतं म्हातारी थंडीनं आजारी पडेल. मी तिला सांगून ठेवलंय, शोधायला येऊ नकोस.

होकार कसा दिला ते सांगायचं राहिलं. मागच्या वर्षी भोगीला माझी नणंद आली होती, लोणी काळभोरहून. माझ्या लग्नात ती परकरातून नुकतीच साडीत आलेली होती. आता तिलाही पणतू आहेत. मी तिला वन्सं म्हणते, ती मला वैनी. बाजरीचं पीठ, तीळ आणि हरभऱ्याचे घाटे घेऊन आली होती. सकाळी मी बादलीवरचं झाकण काढत होते तेवढ्यात तिनं मागून येऊन पाण्यात बोट बुडवलं.

"अगं बाई गं! डोकं फिरलंय का वैनी? ह्या वयात हे पानी अंगावर घेतीस?"

"पौषातलं व्रत आहे माझं."

"कुठल्या देवाचं? आमच्याकडं असला देव न्हाय."

मी तशीच बाहेर येऊन तिच्यासमोर बसले. ती घाटे सोलायला लागली, आणि मी पहिल्यांदा कुणालातरी सगळं सांगितलं. घंगाळ, परात, माझी उजाडेपर्यंतची झोप, त्या सकाळी हाताला लागलेलं पाणी. शेवटी म्हटलं, "वन्सं, तुमच्या आईला मी मारलं. आणि आता त्या जागेवर ही मंडळी भोकं पाडायला निघालीत. मी कुठल्या तोंडानं हो म्हणू?"

तिचे हात थांबले. तिनं माझ्याकडे असं बघितलं, की मला वाटलं आता ती उठेल आणि पिशवी घेऊन चालू लागेल. पण ती हसायला लागली. हसता हसता ठसका लागला, पदरानं डोळे पुसले, पाणी प्यायली. मग घाट्यांचं ताट बाजूला सारून ती जे म्हणाली ते तिच्याच शब्दांत लिहिते:

"येडे, कवा बोललीस का न्हाय गं मला? अगं, त्या पान्याला आईनं कधी हात तरी लावला का! पहाटं उठून ती घंगाळ शेवग्याच्या आळ्यात उपडं करायची अन् आपलं ताजं ऊन पानी आपन शेंदायची. मी म्हनलं, वैनीला उठवू का, तर माझ्याच अंगावर आली. म्हनली, 'खबरदार तिला सांगितलंस तर. झोपू दे तिला. लगीन होऊन ह्या घरात आल्यापास्नं हीच एक येळ घावलीया मला, जवा मी एकटी बसते अन् कुनी मला हाक मारत न्हाय.'"